चुआ काऊ : होई आनच्या छताच्या पुलाची शाकारणी

मे 2023 मध्ये आम्ही व्हिएतनामला गेलो तेव्हा ज्या पुलासाठी मी होई आनचा आग्रह धरला होता, तो पूल एका मोठ्या तात्पुरत्या शेडखाली झाकलेला होता. ओढा ओलांडण्यासाठी शेजारी एक साधा कामचलाऊ पूल बांधलेला होता आणि त्यावरून माणसांची ये-जा सुरू होती. सोबतच्या मंडळींची निराशा झाली, कारण छायाचित्र काढण्यासारखे तेथे काहीच उरले नव्हते. मला मात्र तेथून हलवेना. काम बाहेरून पाहता यावे अशी सोय ठेवलेली होती आणि आत जे चालले होते ते मला फार ओळखीचे वाटत होते : उतरवलेली कौले, एका बाजूला मांडून ठेवलेली लाकडे, प्रत्येक लाकूड उलटसुलट करून, ठोकून, त्याचा आवाज ऐकून पाहणारी माणसे.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या घरात गेले, त्या घराला नळीची कौले होती आणि दर वर्षी वैशाखात त्याची शाकारणी होत असे. कौले उतरवायची, शेवाळ खरवडायचे, फुटकी बाजूला काढायची, रिपा तपासायच्या, वाळवी लागलेला वासा बदलायचा, उरलेल्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल चोळायचे आणि मृगापूर्वी सगळे पुन्हा जागच्या जागी चढवायचे. त्या पंधरा दिवसांत घर उघडे पडलेले असे आणि रात्री अंथरुणातून आकाश दिसे. आजोबांच्या दृष्टीने घर बांधणे हे पूर्वजांनी एकदाच केलेले काम होते, शाकारणी मात्र दर पिढीने दर वर्षी करायची होती, आणि घर टिकले ते त्या दुसऱ्या कामामुळे. होई आनच्या त्या शेडपुढे उभे असताना मला जाणवले की आपण पुलाच्या आयुष्यातला एक महत्त्वाचा प्रसंग पाहतो आहोत. मग परत आल्यावर मी या पुलाविषयी मिळेल ते वाचत गेले, आणि 2025 च्या फेब्रुवारीत पुन्हा जाऊन तो उभा असलेलाही पाहून आले. हे टिपण त्या दोन भेटींच्या आणि मधल्या वाचनाच्या आधारावर लिहीत आहे.

होई आन हे मध्य व्हिएतनाममधील थू बोन नदीच्या मुखाजवळचे जुने बंदर आहे. युरोपीय व्यापारी त्याला फायफो म्हणत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे दोनशे वर्षे हे बंदर आग्नेय आशियातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक होते. जपानी जहाजे शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, लाल शिक्क्याचा परवाना घेऊन हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांवर येत आणि नैर्ऋत्य वारे सुरू झाल्यावरच परत फिरत. वाऱ्याची वाट पाहत महिनोन्महिने राहावे लागे, त्यामुळे तेथे जपान्यांची स्वतंत्र वस्ती झाली, तशीच चिन्यांचीही झाली. परंपरा असे सांगते की या दोन वस्त्यांमधील एका अरुंद ओढ्यावर जपानी व्यापाऱ्यांनी हा पूल बांधला. ओढा पुढे लगेच नदीला मिळतो. पुलाची लांबी जेमतेम अठरा मीटर आहे, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम देवळाच्या सभामंडपाएवढी, आणि मधोमध तो कमानीसारखा हलका उचललेला आहे.

1635 मध्ये शोगुनने जपानी लोकांना परदेशी जाण्यास आणि परदेशात असलेल्यांना मायदेशी परतण्यास बंदी केली आणि ही वस्ती हळूहळू विरत गेली. गावाबाहेरच्या भातशेतांत तानी याजिरोबेई नावाच्या जपानी व्यापाऱ्याची 1647 सालची कबर अजून आहे. आपल्या प्रिय व्यक्तीसाठी तो होई आनला परत आला आणि तेथेच वारला, असे सांगतात. मी मुद्दाम सायकलने तेथे गेले होते. कबरीचे तोंड ईशान्येला, म्हणजे जपानकडे आहे आणि चहूबाजूंनी भाताची खाचरे आहेत. पूल बांधणारे अशा रीतीने नाहीसे झाले. तेव्हापासून पूल सांभाळला तो चिनी व्यापाऱ्यांनी आणि स्थानिक व्हिएतनामी लोकांनी, ज्यांनी तो मुळात बांधलाच नव्हता. या पुलाच्या इतिहासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही आहे.

बांधकामाचे वर्ष म्हणून 1593 हा आकडा सर्वत्र छापलेला आढळतो. पुलाच्या एका टोकाला दोन वानरांच्या आणि दुसऱ्या टोकाला दोन कुत्र्यांच्या लाकडी मूर्ती बसवलेल्या आहेत. त्यांचे स्पष्टीकरण असे दिले जाते की काम वानराच्या वर्षी सुरू झाले आणि कुत्र्याच्या वर्षी संपले. चिनी पंचांगाचे बारा वर्षांचे चक्र मांडून पाहिले तर 1593 हे सर्पाचे वर्ष ठरते. त्यानंतरचे वानराचे वर्ष 1596 आणि कुत्र्याचे 1598. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. म्हणून मी सोळाव्या-सतराव्या शतकांचा सांधा एवढेच म्हणते. दुसरी एक दंतकथा आपल्याला अधिक जवळची आहे. समुद्राखाली एक प्रचंड प्राणी पसरलेला असून त्याचे डोके भारतात, पाठ व्हिएतनाममध्ये आणि शेपूट जपानमध्ये आहे, तो हलला की भूकंप आणि पूर येतात, आणि त्याला हलता येऊ नये म्हणून त्याच्या पाठीत खुपसलेली तलवार म्हणजे हा पूल. शेषाच्या फण्यावर पृथ्वी पेलणाऱ्या आपल्या कल्पनेची आठवण ही कथा ऐकताना आल्याशिवाय राहत नाही.

पुलाच्या उत्तर बाजूला, मध्यभागी, एक छोटे देऊळ जोडलेले आहे. ते पुलानंतर बांधले गेले. वरून पाहिले तर पूल आणि देऊळ मिळून इंग्रजी टी अक्षरासारखा आकार होतो. व्हिएतनामी लोक या वास्तूला चुआ काऊ, म्हणजे पुलाचे देऊळ, असे म्हणतात, परंतु आत बुद्धमूर्ती नाही. तेथे वारा, पाऊस आणि पूर यांना आवर घालणाऱ्या त्रान व्हो या देवाची पूजा होते. जेथे दर वर्षी नदी गावात शिरते, तेथे पुलावर याच देवाची स्थापना व्हावी हे मला अगदी योग्य वाटले. 1719 मध्ये या प्रदेशाचा अधिपती न्गुयेन फुक चू होई आनला आला असता त्याने पुलाला ‘लाइ व्हिएन किएउ’ असे नाव दिले. दुरून आलेल्यांचा पूल, असा त्याचा अर्थ. दुरून मित्र यावेत याहून आनंद कोणता, या कन्फ्यूशियसच्या वचनाचा धागा त्या नावात आहे, असे सांगतात. ती तीन अक्षरे कोरलेली पाटी आजही देवळाच्या दारावर आहे.

आता बांधणीविषयी. खाली वीट आणि दगड यांचे भक्कम पाये, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्यांची वाट, बाजूला खांब आणि वर कौलारू छप्पर, अशी ही साधी रचना आहे. लाकडे एकमेकांत बसवताना एका लाकडाला कुसू काढून ते दुसऱ्याच्या खाचेत घातलेले आहे, त्यामुळे सांधा सोडवता येतो आणि पुन्हा बसवता येतो. खिळ्यांनी जखडलेल्या कामात ही मोकळीक नसते. छपरावर एक कौल उताणे आणि त्यावर दुसरे पालथे अशी मांडणी आहे. व्हिएतनामी भाषेत या कौलांना यिन-यांग कौले म्हणतात. आपल्या नळीच्या कौलांची मांडणी हुबेहूब अशीच असते, फरक एवढाच की त्यांचे कौल अधिक पसरट असते. छपराच्या कडांवर चिनी मातीच्या बशा जडवलेल्या आहेत. नदीपलीकडचे किम बोंग हे गाव सुतारांचे गाव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे, आणि होई आनमधल्या जुन्या लाकडी घरांत फिरताना त्या सुतारकीचा हात सगळीकडे दिसतो.

पुलाला छप्पर कशाला, हा प्रश्न सहप्रवाशांपैकी एका काकूंनी मला विचारला होता. माणसांना ऊन-पाऊस लागू नये, थांबता यावे, बसून बोलता यावे, हे उत्तर खरेच आहे. परंतु सुताराच्या दृष्टीने छप्पर हे मुख्यतः खालच्या लाकडासाठी असते. लाकूड केवळ ओले झाल्याने कुजत नाही. पाणी सांध्यात मुरून राहिले आणि वारा लागला नाही की बुरशी धरते आणि कुजणे तेथून सुरू होते. तुळईचे टोक, खांबाचा बुंधा, खाचेचा तळ या जागा नेहमी आधी जातात. छप्पर हे सर्व कोरडे ठेवते, स्वतः झिजते आणि बदलता येते. कौल बदलणे सोपे आणि स्वस्त असते, तुळई बदलणे अवघड आणि महाग. जपान, चीन, स्वित्झर्लंड, अमेरिकेचा ईशान्य भाग अशा एकमेकांपासून दूरच्या प्रदेशांत लाकडी पुलांवर छपरे चढली ती याच हिशेबाने. होई आनमध्ये मात्र पाणी वरून येते तसेच खालूनही येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थू बोन फुगली की ओढ्याचे पाणी पुलाच्या पायांना आणि कित्येकदा फळ्यांनाही लागते, आणि तेथे छपराचा उपाय चालत नाही. पायाखालची माती वाहून जाते, वीटकाम चिरते, एखादा पाया किंचित खचतो, आणि मग वरच्या लाकडांवर मुळात नसलेला ताण येतो. त्यात वाळवीची भर पडते.

म्हणूनच या पुलाचा इतिहास हा दुरुस्त्यांचा इतिहास आहे. 1763, 1817, 1865, 1915, 1986 आणि 1996 या वर्षांच्या दुरुस्त्या ठळकपणे सांगितल्या जातात. 1817 च्या दुरुस्तीचा शिलालेख आहे, आणि पूल जपानी लोकांनी बांधला असे परंपरेने ऐकत आल्याचे त्यात नोंदवलेले आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी दुरुस्ती करणाऱ्यांनाही मूळ बांधणारे केवळ ऐकूनच ठाऊक होते. या वर्षांमधली अंतरे पाहिली की साधारणपणे दीड-दोन पिढ्यांनी एकदा मोठे काम निघालेले दिसते. त्यांमधल्या काळातले कौलांचे किरकोळ फेरबदल, फळी बदलणे, रंगाचा हात, यांची नोंद कोणी ठेवली नसेल, आणि आमच्या घराच्या शाकारणीचीही कोणी ठेवली नव्हती.

प्रत्येक दुरुस्ती पुलाच्या भल्याचीच होती असे मात्र नाही. फ्रेंच अमदानीत मोटारी जाव्यात म्हणून पुलाची कमानदार वाट सपाट करण्यात आली. मोटार ज्यावरून जाते तो पूल वापरात राहतो, आणि वापरातल्या वास्तूला कोणी पाडत नाही, हे मला मान्य आहे. तरीही माणसाच्या चालीसाठी घडवलेला उंचवटा चाकांसाठी घालवणे ही त्या वास्तूची मोठी हानी होती. 1986 च्या दुरुस्तीत तो उंचवटा पुन्हा आणण्यात आला. त्याच दशकात काझिमिएश क्वियात्कोव्स्की हे पोलिश वास्तुतज्ज्ञ मध्य व्हिएतनाममध्ये काम करत होते. ‘मी सन’ नावाच्या प्राचीन मंदिरस्थळातील शिवमंदिरांसाठी आणि होई आनच्या जुन्या घरांसाठी त्यांनी केलेल्या खटपटीमुळे या गावाकडे जगाचे लक्ष गेले. 1997 मध्ये हुए शहरात त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, 1999 मध्ये, होई आन आणि ‘मी सन’ ही दोन्ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. होई आनमध्ये त्यांचे छोटे स्मारक आहे आणि तेथे कोणी तरी ताजी फुले ठेवलेली मला दिसली.

1996 नंतरच्या पंचवीस वर्षांत पर्यटक प्रचंड वाढले आणि पूर तर येतच राहिले. पुलाला खालून टेकू देण्याची वेळ आली. जागच्या जागी डागडुजी करावी की पूल पूर्ण उतरवून पुन्हा उभा करावा, यावर अनेक वर्षे खल झाला. अखेर उतरवण्याचा निर्णय झाला. 28 डिसेंबर 2022 रोजी काम सुरू झाले आणि 3 ऑगस्ट 2024 रोजी पूल पुन्हा खुला झाला. खर्च 20 अब्ज डोंगांहून थोडा अधिक, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेसहा-सात कोटी रुपये आला. जपानी तज्ज्ञांनी या कामात सल्ला दिला. लाकडी वास्तू पूर्ण सोडवून, प्रत्येक भाग तपासून, कुजलेला तेवढाच बदलून ती पुन्हा जुळवण्याची जपानमध्ये फार जुनी परंपरा आहे. तेथे तिला काइताई शूरी म्हणतात, आणि तेथील कित्येक प्राचीन मंदिरे त्याच रीतीने आजवर पोहोचली आहेत. पूर्वजांनी बांधलेला पूल नीट उतरवण्यासाठी वंशज चारशे वर्षांनी त्याच गावात आले, याचे मला फार समाधान वाटले.

अशा कामातला सर्वांत अवघड भाग म्हणजे निर्णय. सांध्यात चार बोटे कुजलेली तुळई पूर्ण टाकून नवी घालणे सोपे असते. कुजलेला भाग अचूक कापून, तेथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा खाच पाडून बसवणे आणि जुन्या तुळईचे उरलेले शरीर वाचवणे याला दुप्पट वेळ आणि चौपट कौशल्य लागते. आमच्याकडचे सुतार याला जोड देणे म्हणत. जोड दिलेला वासा पाहुण्यांना दिसू नये म्हणून माजघराच्या बाजूला वळवून बसवत असत, पण तोच वासा पुढे तीस वर्षे भार वाहत राही.

पूल खुला होण्यापूर्वी, जुलै 2024 च्या अखेरीस, शेड हटली आणि छायाचित्रे सर्वत्र पसरली. त्याबरोबर मोठी ओरड झाली. पूल नवा कोरा दिसतो, रंग भडक आहे, जुनेपण गेले, असे असंख्य व्हिएतनामी लोकांनी लिहिले. त्यांचे दुःख खोटे नव्हते. व्हिएतनामच्या वीस हजार डोंगांच्या नोटेवर हा पूल आहे. जो पूल माणूस रोज खिशात बाळगतो, त्याचा चेहरा बदललेला पाहून त्याला धक्का बसणारच. आपल्याकडे एखाद्या जुन्या देवळाला ऑइलपेंट फासलेला पाहून मीही अशीच हळहळले आहे. परंतु या दोन गोष्टी एक नाहीत, आणि हा फरक करायलाच हवा. मूळ चुन्यावर ऑइलपेंट चढवणे म्हणजे भिंतीचा श्वास कोंडणे होय. होई आनमध्ये रंग निवडताना जुन्या थरांचा मागोवा घेतल्याचे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले होते, आणि जी लाकडे वापरण्याजोगी होती ती परत वापरली गेली. आपण ज्याला जुनेपण म्हणतो त्यातला बराचसा भाग शेवाळ, काजळी आणि पावसाचे ओघळ यांचा असतो. 1817 ची दुरुस्ती संपली त्या दिवशीही हा पूल असाच ताजा दिसला असणार.

1994 मध्ये जपानमधील नारा येथे भरलेल्या परिषदेने वास्तूच्या अस्सलपणाविषयी जो मसुदा मांडला, त्यात प्रत्येक संस्कृतीने हा अस्सलपणा आपापल्या परंपरेच्या आधारे तपासावा असे म्हटले आहे. दगडी वास्तूला लावायची मोजपट्टी लाकडी वास्तूला जशीच्या तशी लावता येत नाही. लाकडी पुलाचा अस्सलपणा मला तीन गोष्टींत दिसतो : जागा तीच, सांधे जोडण्याची रीत तीच आणि वापर तोच. चुआ काऊवरून माणसे अजून ओढा ओलांडतात, देवळात अजून उदबत्ती लागते आणि वानर-कुत्र्यांपुढे अजून फळे ठेवली जातात.

फेब्रुवारी 2025 मध्ये, टेटचा, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचा, सण नुकताच उरकला असताना, मी सकाळी साडेपाचला पुलावर गेले. त्या वेळी पर्यटक नसतात. एक आजी भाजीची टोपली घेऊन सावकाश उंचवटा चढून आल्या, देवळापुढे क्षणभर थांबल्या, हात जोडले आणि पलीकडे उतरल्या. मी खांब एकेक करून पाहत होते. काही खांबांच्या बुंध्याशी फिकट लाकडाचा जोड आणि त्यावर गडद, झिजलेले, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेले जुने लाकूड असे मला स्पष्ट दिसले. सांध्यावर बोट फिरवले तेव्हा फट लागली नाही. भिंतींवरचा रंग सहा महिन्यांतच एका पावसाळ्याने किंचित उतरला होता, आणि ओढ्याकडच्या बाजूला पुराची पुसट रेघ उमटली होती. ओढ्याला पूर्वी सांडपाण्याची दुर्गंधी येत असे. जपानच्या मदतीने शुद्धीकरण केंद्र झाल्यापासून ती पुष्कळ कमी झाली, असे ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या दादांनी सांगितले. जुन्या गावात फिरण्यासाठी परदेशी प्रवाशांना 1,20,000 डोंगांचे तिकीट घ्यावे लागते. त्या पैशाचा काही भाग जतनाच्या कामाला जातो हे कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी गरज नसतानाही आणखी एक तिकीट घेतले.

2025 च्या ऑक्टोबरअखेरीस मध्य व्हिएतनाममध्ये अतोनात पाऊस झाला आणि होई आनचे जुने गाव पुन्हा पाण्यात गेले. रस्त्यांतून होड्या फिरत असल्याची दृश्ये मी येथे बसून पाहिली आणि दोन दिवस दुसरे काही सुचले नाही. पाणी ओसरू लागले तसे तेथील लोक लगेच झाडू घेऊन बाहेर पडले. त्यांची ही जुनी रीत आहे : गाळ वाळायच्या आत, उतरत्या पाण्याबरोबरच तो लोटून द्यायचा, कारण एकदा वाळला की तो सांध्यात आणि भेगांत घट्ट धरतो आणि पुढचा ओलावा तेथेच कोंडून राहतो. पुलाच्या बाबतीतही हेच करायचे असते. फळ्या धुवायच्या, उन्हाने एकदम तडकू न देता लाकूड वाऱ्यावर हळूहळू सुकू द्यायचे, पायाचे वीटकाम तपासायचे आणि येत्या उन्हाळ्यात पहिले कौल कोठून सरकले आहे ते वर चढून पाहायचे.